नववीतल्या लेकीचं वर्कशॉप: नरसाळं, भरतीची काठी आणि झेला

धक्क्यावरचा | 14 एप्रिल, रात्री 9:42

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी आयटीआयचा डिझेल मेकॅनिक. दाभोळच्या खाडीच्या गुहागरकडच्या अंगाला राहतो. होड्यांची इंजिनं उघडायची नि बसवायची हा धंदा. लेकीनं आत्ताच नववीची परीक्षा दिली. तिच्या शाळेत आठवड्यातला एक दिवस हातकामाचा असतो. डॉ. कलबागांनी 1983 साली पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि काम करत शिकायची जी पद्धत बसवली, त्याच वळणाचा अभ्यासक्रम. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार भाग. पोरं चारही करतात. मी फक्त अभियांत्रिकीबद्दल लिहितोय, कारण बाकीच्या तिन्हीत मला लेकीइतकंही कळत नाही.

परवा तिची वही चाळत बसलो होतो. वर्षभरात मोजून सात कामं. त्यातलं एक तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला गेलं, आणि घरी येणारे पाहुणे तेवढ्याचीच चौकशी करतात. माझ्या मते सातांत तेच सगळ्यात कच्चं होतं.

जूनमध्ये सुरुवात रेखाचित्रानं. घरातली एक वस्तू आणा आणि समोरून, वरून, बाजूनं अशी तीन चित्रं काढा, माप निम्मं. बाकीच्यांनी डबे आणि कंपासपेट्या नेल्या, दोन तासांत मोकळे झाले. हिनं आजीची विळी नेली. पातं वाकडं, खवणीला दाते, पाट मधे झिजलेला, सरळ म्हणून एक रेघ नाही. तीन आठवडे चाललं. पावसानं कागद सर्दावलेला, सकाळी आखलेली रेघ संध्याकाळी मिलिमीटरभर वेगळी भरते असं ती शपथेवर सांगते. तीन आठवडे घरात खोबरं किसणीवर. आजीनं काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

मग जुलैत पत्रेकाम, म्हणजे नरसाळं. ह्यावर जरा सविस्तर लिहितो.

सरांनी सांगितलं, तोंड 20 सेंमी, तिरकी बाजू 20 सेंमी. पत्र्यावर केवढा तुकडा आखायचा? त्रिज्या 10, तिरकस उंची 20, म्हणून 360 अंशांच्या निम्मे. म्हणजे 20 सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ कापा, गुंडाळा, झालं नरसाळं. मी इतकी वर्षं नरसाळ्यातून डिझेल ओततोय, पण ते उलगडलं तर अर्धवर्तुळ होतं हे मला पोरीनं दाखवलं. तिनं अर्धवर्तुळ बरोबर कापलं, फक्त सांध्याला एकावर एक चढवायला जादा पत्रा ठेवायला विसरली. एक सेंमी सांध्यात गेला. डाग दिला, म्हणजे कथिलानं सांधा जोडला, नरसाळं तयार, वहीत लिहिलं 'तोंड 20 सेंमी'. सर म्हणाले, मोजलंस का? भरलं 19.7.

तीन मिलिमीटरनं काय बिघडतं, असं तिला वाटलं. मलाही. पण नरसाळं तेलासाठी नव्हतं, पर्जन्यमापकासाठी होतं. 20 सेंमी तोंड धरलं तर 1 मिमी पावसाचं पाणी भरतं 31.4 मिली. 19.7 धरलं तर साधारण 30.5. शंभर मिलिमीटर पाऊस झाला की तीन मिमीचा फरक. सरांनी नरसाळं नवीन करू दिलं नाही. म्हणाले, तोंड जेवढं आहे तेवढं लिही आणि हिशोब त्याचा कर. मला ही गोष्ट फार आवडली. आमच्या धंद्यात हेच असतं. पुस्तकातलं इंजिन वेगळं आणि समोर उघडलेलं वेगळं.

नरसाळ्याखाली थंड पेयाची दोन लिटरची बाटली, अंगणात मोकळ्या जागी. वेधशाळेसारखं रोज सकाळी साडेआठला मोजायचं. आठव्या दिवशी सकाळी पाहिलं तर बाटली भरून वाहिलेली, किती पडला कळायला मार्ग नाही. हिशोब केला, बाटली पासष्ट-सहासष्ट मिमीला भरते. हवामान खात्याचा मुसळधार पाऊस चालू होतो 64.5 मिमीपासून. म्हणजे आपोआपच, बाटली वाहिली की मुसळधार! पोरगी खूश. सर नाहीत. मग गोडेतेलाचं पाच लिटरचं कॅन लावलं, ते 164 मिमीपर्यंत पुरतं. तेही एकदा वाहिलं.

गणपतीच्या सुट्टीत शाळा बंद, पण पाण्याची लेव्हल ट्यूब घरी आणली आणि माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची सजावटीची चौकट, एका पातळीत टांगली. दरवर्षी आमची माटवी उजवीकडे झुकायची, तिला बांधलेली कवंडळं (रानफळं) सगळी एका कोपऱ्यात. यंदा नाही.

आटे पाडणं आणि वायरिंगचा बोर्ड ही दोन कामं झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता प्रदर्शनवालं. खाडीवर राहता तर भरती मोजा, असं ठरलं. अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि अल्ट्रासॉनिक सेन्सर. सेन्सर आवाज सोडतो, तो पाण्यावर आपटून परत यायला लागलेला वेळ मोजतो, 58 मायक्रोसेकंद म्हणजे 1 सेंमी. धक्क्याच्या खांबाला पीव्हीसी पाईप उभा बांधला, खाली बारीक भोक, म्हणजे लाटेनं आतलं पाणी डचमळत नाही. वर सेन्सर. ओहोटीला पाणी दोन मीटर खाली, आणि हा पठ्ठ्या सांगतोय चाळीस सेंमी! पाईपच्या सांध्यावरूनच आवाज परत येत होता. अखंड पाईप घातला. बरं चाललं. नवव्या दिवशी गप्प. उघडून पाहिला तर पिना हिरव्यागार. खारी हवा माझ्या स्टार्टर मोटरला सोडत नाही, ती ह्या ऐंशी-शंभर रुपयांच्या वस्तूला काय सोडणार. प्रदर्शनाला दुसरा सेन्सर लावून बादलीतलं पाणी मोजून दाखवलं. परीक्षक खूश, फोटो झाले.

पण खरी भरती तिनं मोजली ती काठीनं. दिवाळीच्या सुट्टीत सेन्सर मेलेला, म्हणून बांबूवर ऑइलपेंटनं पट्टे मारले आणि धक्क्यावर जाऊन बसायची. आजोबा, म्हणजे माझे वडील, जन्मभर पडावावर (मोठ्या होडीवर) होते. त्यांचं गणित ठरलेलं, तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, तिनं बघितलं, जवळपास बरोबर. पाडव्याला प्रतिपदा, एक पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. ही पाऊणला धक्क्यावर गेली तर पाणी उतरायला लागून बराच वेळ झालेला.

घरी येऊन आजोबांना विचारते, "काल सव्वाअकरा, आज पाऊण. एका दिवसात भरती दीड तास पुढं कशी गेली? बाकी रोज तर पाऊणच तास जाते." आजोबा गप्प. मीही. हे गणित मी शाळेत जायच्या आधीपासून म्हणतोय, माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

लांबत चाललंय. जानेवारीत चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्यांचा साकव, म्हणजे छोटा पूल केला, त्रिकोण त्रिकोण जोडून. वाळूची बादली टांगून मोडेपर्यंत भार घातला. काठी एकही मोडली नाही, सुतळीच्या गाठी सरकल्या. शेवटचं काम झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी, त्याबद्दल उद्या लिहितो. डोळे मिटायला लागलेत.

अबोली | 14 एप्रिल, रात्री 10:20

वाचतेय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. माटवीचं वाचून खुदकन हसले, आमचीही दरवर्षी झुकते आणि दोष कायम धाकट्या दिरांना. दादा, एक शंका. झेला म्हणजे वेल्डिंग आलं ना? चौदा वर्षांच्या मुलीला करू देतात? माझ्या मनात आधी डोळ्यांचंच येतं.

निवृत्त_मास्तर | 15 एप्रिल, सकाळी 6:05

भाऊ, धागा छान. मी 1970च्या दशकात टेक्निकलला होतो. पहिले तीन महिने लोखंडाचा एक चौकोनी तुकडा कानसायचा. गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. त्या तुकड्याचा जगात कुणालाही उपयोग नव्हता. तुमच्या मुलीनं पहिल्याच काही महिन्यांत पाऊस मोजला, हा फरक मोठा आहे.

दोन सूचना. डाग देताना ॲसिड वापरलं असेल तर सांधा नंतर भरपूर पाण्यानं धुवायला सांगा, नाहीतर आपल्याकडच्या दमटात आठवड्यात तांबेरा धरतो. आणि डागाच्या कथिलात बहुधा शिसं असतं, तेव्हा त्या नरसाळ्यातून पिण्याचं पाणी कधीही भरू नका. पाऊस मोजून झाला की ओतून द्या.

ठाणेकर_मूळ_लांजा | 15 एप्रिल, सकाळी 9:31

कौतुक आहेच, पण सेन्सरला 'कच्चं काम' म्हणणं पटलं नाही. माझा भाचा इथं रोबोटिक्सच्या क्लासला जातो, त्याच वयाचा. पुढं नोकऱ्या कुठं आहेत? नरसाळी बनवण्यात नक्कीच नाहीत. कोकणातल्या पोरांनी पत्रे ठोकत बसायचं आणि शहरातल्यांनी कोड लिहायचं, हे आपणच आपल्याला लहान करणं झालं. सेन्सर गंजला तर त्याला पेटी करायची, काठीकडे परत कशाला जायचं?

टिंकरर | 15 एप्रिल, सकाळी 11:02

ठाणेकर, अर्धं मान्य. मी सिंधुदुर्गात शिक्षक आहे, आमच्याकडे अटल टिंकरिंग लॅब आहे. 2016ला योजना आली तेव्हापासून बघतोय. एका शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान, त्यात थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, सगळं. मुलांचे हात लागतात तिथं कमाल होते. पण अशीही एक शाळा पाहिलीय जिथं प्रिंटर कुलपात होता, कारण मोडला तर जबाब कोण देणार. पटाशी कुलपात ठेवायचं कुणाच्या मनात येत नाही, हा तिचा मोठा गुण.

धक्क्यावरचा, भरतीचा प्रकल्प इन्स्पायर-मानकला (शाळकरी मुलांच्या विज्ञानकल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना) पाठवा. निवड झाली तर 10,000 रुपये मिळतात. फक्त बादली नको, काठीची वही पाठवा.

धक्क्यावरचा | 15 एप्रिल, रात्री 8:50

अबोलीताई, वेल्डिंग करू देतात, पण सर शेजारी उभे असताना. तोंडावर हेल्मेट, 11 नंबरची काळी काच, हातात चामड्याचे मोजे, अंगात सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट. ओढणी खुंटीला. पहिल्या दिवशी रॉड सारखा चिकटत होता, घरी येऊन रडली. तेवढंच.

मास्तर, तुम्ही आमच्याकडे डोकावून गेलात का? सांधा धुतला नव्हता. आठ दिवसांत तांबूस झाला. खरवडून पुन्हा डाग द्यावा लागला.

ठाणेकर, तुमचा मुद्दा मनाला लागला, रागावलो नाही. सेन्सर वाईट म्हणत नाही मी. तो मेल्यावर प्रदर्शनात बादलीत दाखवला, तिथं माझी कुरबुर आहे. पेटी करायची हे बरोबरच. आता रिकाम्या डब्यात रबरी गास्केट घालून पेटी करतोय दोघं मिळून, होडीच्या वायरिंगला करतो तशी. पण पाईपमधला आकडा खरा की खोटा हे ठरवायला काठी शेजारी लागतेच. चाळीस सेंमी खोटं आहे हे आम्हाला डोळ्यांनी पाणी दिसत होतं म्हणून कळलं.

तर झेला. गिऱ्हाईक आजोबा. कलमं आमची मोजून अकरा, पण ती त्यांचा जीव. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला बऱ्याच जणांनी पाहिला असेल, पात्यावर देठ कापला जातो, आंबा देठासकट जाळीत येतो, चीक सालीवर ओघळत नाही. तसा करायचा, पण आमच्या उंचीचा आणि आजोबांच्या हाताला झेपेल असा. हिनं पहिलं कडं 8 मिमीच्या सळीचं वेल्ड केलं, 25 सेंमी व्यासाचं. मजबूत! आजोबांनी चार मीटरच्या बांबूला लावून उचललं, दोन आंबे काढले आणि खाली ठेवलं. म्हणाले, "हा आंब्याला नाही, माणसाला पाडायचा झेला."

मग सरांनी सळीचं वजन काढायचं सूत्र दिलं. व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरला किती किलो ते मिळतं. कड्याला सळी लागते पाऊण मीटरच्या थोडी वर. 8 मिमीचं कडं 310 ग्रॅम. हाताजवळ 310 ग्रॅम काहीच नाही, पण बांबूच्या टोकाला ते हातांना कैक पटीनं जाणवतं. 4 मिमीचं घेतलं तर 78 ग्रॅम. निम्मी जाडी, वजन पावपट. 4 मिमीच्या तारेला वेल्डिंग करताना दोनदा भोक पडलं, करंट कमी करून तिसऱ्यांदा जमलं. जाळी धक्क्यावरच्याच फाटक्या जाळ्याची. अंदाजपत्रक वहीत लिहायचं असतं, त्यात तिनं जाळीची किंमत शून्य धरली. सरांनी लाल रेघ मारली. फुकट मिळालं तरी किंमत लिही, दुसऱ्यानं करायचा म्हटला तर त्याला फुकट मिळणार आहे का?

गुढीपाडव्यापासून आजोबा तोच झेला वापरतायत. चांगला आहे म्हणालेले नाहीत. जुना मात्र माळ्यावर टाकलाय.

लघुगुणक | 15 एप्रिल, रात्री 11:15

पाऊणपटीचं कोडं फारच सुंदर. मुलीला सांगा, दीड तासाची उडी गणितातच लपलीय. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास सरकते आणि चक्र पुन्हा जागेवर येतं. बारा तास भागिले पंधरा म्हणजे तिथीला 48 मिनिटं. आपले लोक 45 धरतात. रोजची तीन मिनिटं कमी, पंधरा तिथींत 45 मिनिटं तुटतात, ती सगळी प्रतिपदेला एकदम वसूल होतात. रोजची 45 आणि तुटीची 45, झाले दीड तास. पाऊणऐवजी चार पंचमांश घेतलं तर उडी नाहीशी होते.

अर्थात तेही सरासरीच. उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) भरती रोज थोडी कमी सरकते, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) जास्त. शिवाय प्रत्येक खाडीची आपली वेळ, तोंडाशी आधी आणि आत उशिरा. म्हणून तिच्या धक्क्याचे तिनं मोजलेले आकडे मोलाचे.

माडाखालचो | 16 एप्रिल, सकाळी 7:40

वा गो बाय! माझो झील सातवीत आसा, तेका ह्या सगळा वाचून दाखवलंय. आमच्या हंयसर पाऊणपट सगळ्यांका पाठ, पण ता दीड तासाचा कोणाच्या टकलेत इला नाय. माका येक सांगा, नरसाळ्याचो पत्रो खंयचो? हंय पातळ मिळता, दोन पावसात चाळण जाता.

चिरेखाण | 16 एप्रिल, दुपारी 1:10

पाऊस मोजलाच आहे तर पुढचं पाऊल छपराचं. 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे बरोबर 1 लिटर पाणी. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिमीच्या वर पडतो. घराखालची जागा 100 चौरस मीटर धरा (छपराचा उतार मोजू नका, सावलीची जागा मोजा), तर तीन लाख लिटर. आणि मे महिन्यात त्याच घरासमोर टँकरची वाट बघत हंडे मांडलेले. जांभा पाणी धरत नाही, त्यामुळे आपल्याला साठवायलाच लागतं. दहावीला फेरोसिमेंटची टाकी करायला सांगा सरांना. कोंबडीची जाळी, एकाला तीन वाळू, आणि पाणी मारायचा कंटाळा करायचा नाही.

धक्क्यावरचा | 16 एप्रिल, रात्री 9:05

लेक स्वतः टाईप करतेय, मी फक्त आयडी दिलाय.

सगळ्या काका-काकूंना नमस्कार. आधी एक दुरुस्ती, रॉड चिकटला म्हणून मी रडले नव्हते, डोळ्यांत धूर गेला होता.

माडाखालचो काका, पत्रा 26 गेजचा जी.आय. (जस्त चढवलेला) आहे. 28चा कापायला सोपा जातो, पण खरंच टिकत नाही. कापलेल्या कडेवर जस्त राहत नाही, गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून कडेला रंग मारा.

लघुगुणक काका, 48 मिनिटांचं मी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "पाऊणपट पडावात बसून तोंडी होते. चार पंचमांश कोण करणार, तू येशील बरोबर?" मी म्हटलं, प्रतिपदेपुरतं तरी आदल्या दिवशीच्या वेळेत पाऊण तास मिळवा. ते म्हणाले, ते तर आम्ही करतोच. मग आधी का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणे तू तिथीचं विचारलंस.

टिंकरर सर, वही पाठवणार आहे, पण मार्गशीर्षातली सहा दिवसांची नोंद नाही, तेव्हा सहामाही चालू होती. ते रकाने रिकामेच ठेवलेत.

चिरेखाण काका, आमच्या घराची सावलीची जागा आज बाबांबरोबर टेपनं मोजली, 84 चौरस मीटर भरली. टाकीचं सरांना विचारते. सध्या नरसाळ्याला दहा लिटरचं कॅन लावलंय, मृगाच्या आधी अंगणात ठेवीन. ते 328 मिमीपर्यंत पुरतं. एका रात्रीत तेही भरून वाहिलं, तर सकाळी साडेआठला मोजायला मी अंगणात नसेन, आजोबांच्या जुन्या झेल्याशेजारी माळ्यावर असेन.